पाचवा भाग

लालासाहेबांना सगळे प्रयोगवाले सर म्हणायचे, आणि ते त्यांना आवडायचंही. साताऱ्याजवळच्या एका डी.एड. कॉलेजात होणाऱ्या गुरुजींना ते एकोणीस वर्षं विज्ञान शिकवत होते. "हातानं करा, मग बोला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वतः मात्र मेणबत्तीचा प्रयोग त्यांनी आजवर फळ्यावरच केला होता. ताटलीत पाणी, मधे जळती मेणबत्ती, वर उपडा काचेचा पेला. ज्योत विझते आणि पाणी पेल्याच्या पाचव्या भागापर्यंत, म्हणजे एक पंचमांश चढतं, कारण हवेतला तेवढा ऑक्सिजन जळून गेला. पोरंही नोंद फळ्यावरूनच उतरवायची.

म्हसवडकडच्या मेंढपाळाच्या घरातली संयोगिता तेवढी हट्टी निघाली. तिनं खरंच प्रयोग केला, तोही तीन मेणबत्त्या लावून. पाणी पार एक तृतीयांशाच्या वर गेलं. तिनं तसंच लिहिलं. सर भडकले. "निरीक्षण चुकलंय. खोड ते, पाचवा भाग लिही!" तिनं मुकाट्यानं खोडलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरायच्या आधी सरांनी दार लोटून तीन मेणबत्त्या पेटवल्या. पेला उपडा घालताच काठाखालून बुडबुडे निघाले. पाणी चढलं ते ज्योती विझल्यावर, आणि पुष्कळ वर. तापलेली हवा फुगून निसटत होती, उरलेली निवून आकसत होती, आणि हे गृहस्थ एकोणीस वर्षं सगळं बिल ऑक्सिजनच्या नावावर फाडत आले होते! शरमेनं त्यांचे कान तापले. पोरीला सांगायला हवं होतं. पण आपले विद्यार्थी गावोगाव हेच शिकवत असतील, या विचारानं जीभ रेटेना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत आठ दिवस ते तिची नजर चुकवत राहिले.

मग संयोगिताचा सराव पाठ आला, झेडपीच्या शाळेत चौथीवर, तोच मेणबत्तीचा प्रयोग. गुण द्यायला सर मागच्या बाकावर बसले. एका गटानं हौसेनं तीन मेणबत्त्या लावल्या आणि त्यातली मुलगी ओरडली, "बाई, आमचं पाणी लय वर आलंय!"

संयोगितानं पेल्याकडं पाहिलं, मग सरांकडं. "निरीक्षण चुकलंय बाळा. पाचवा भाग लिही."

मुलीनं खोडरबर काढला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं सरांना झालं. ते उठले. "खोडू नगंस गं. तुझं बरोबर हाय. तुझ्या बाईंना मीच चुकीचं शिकवलंय."

पाठ संपल्यावर व्हरांड्यात त्यांनी संयोगिताला हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते.

"पाणी वर गेलेलं मला दिसत हुतं, सर. तरी तुमी मागं बसलाय म्हणून त्या लेकराला खोडाय लावलं. मी कसली वो बाई हुणार?"

तिनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या, तर लालासाहेबांना सोपं गेलं असतं.