खटखट काढली आणि ठेका गेला

"मॅडम, गाण्यात ठेकाच नाहीये," केतकी फोनवर म्हणाली. "सर म्हणतायत, हे वगळू या. संध्याकाळी यादी फायनल होतेय."

फोन स्पीकरवर होता आणि ज्यांचं गाणं वगळायचं ते मधुकरभाऊ समोरच बसले होते, मावा जिलेबीचा डबा मांडीवर घेऊन. उघडलेलं झाकण त्यांनी हळूच परत लावलं.

माझा धंदा जुन्या टेप साफ करायचा. आधी रेडिओत साउंड इंजिनियर होते. आता बुऱ्हाणपूरच्या शनवारा भागात घराच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या लग्नाच्या, भजनाच्या कॅसेट कॉम्प्युटरवर घेते आणि त्यातली खरखर काढते. केतकीची पुण्याची कंपनी एक जुनं कंपायलेशन पुन्हा काढत होती. कंपायलेशन म्हणजे बऱ्याच जणांची एकेक रचना घेऊन केलेली कॅसेट. ही टेक्नोची होती: शब्द नाहीत, गायक नाही, नुसते यंत्रांचे आवाज आणि धडधडता ठेका. आपल्याकडे टेक्नो हा शब्दही कुणी ऐकला नव्हता तेव्हा गावोगावच्या काही पोरांनी हाताला लागेल त्यावर हे उद्योग केले होते. त्यातले एक आमचे मधुकरभाऊ. पुढे शाळेत गणित शिकवून रिटायर झाले. जन्मात केलेलं गाणं हे एकच, आणि ते परत येतंय म्हणून अर्ध्या शनवाऱ्याला सांगून बसलेले.

"ताई, मला ऐकवा बरं एकदा," ते म्हणाले.

मी साफ करून पुण्याला पाठवलेली फाइल लावली. कीबोर्डचे सूर तेवढे तरंगत होते. भाऊंनी कान पुढे केला, मग माझ्याकडे बघितलं.

"माझी लूम कुठं गेली?"

"कुठली लूम?"

"अहो, तीच तर ठेका होती ना. ड्रम मशीन कुठून आणणार होतो मी? मामाच्या कापड कारखान्यात लूमजवळ माईक धरला आणि कीबोर्ड वाजवला. तुम्ही तर एकदम गायबच करून टाकली."

घ्या. आता खरखर कशी काढतात ते सांगते. टेपमध्ये नुसती खरखर आहे असा एक तुकडा कॉम्प्युटरला ऐकवायचा. हा आवाज सगळीकडून काढ, असं सांगायचं. या टेपच्या सुरुवातीला नुसती खटखट होती. बुऱ्हाणपुरात कुठलीही टेप भरा, मागे पावरलूम वाजतेच. भजनांतून ती काढता काढता माझा हात बसलाय. शिवाय आम्हा इथल्यांना ती खटखट ऐकूच येत नाही, बंद पडली की मात्र दचकतो. दुसऱ्या गावचा इंजिनियर असता तर त्याला तो ठेकाच वाटला असता, त्याने हातही लावला नसता. मी गाण्याचा ठेकाच खरखर म्हणून धुऊन टाकला होता. हसावं की डोकं आपटावं मला कळेना.

"मूळ आहे ना?" भाऊंचा आवाज बारीक झाला होता.

"आहे हो. मूळ मी कधी पुसत नाही."

पण मूळ तसंच पाठवण्यासारखं नव्हतं. टेपची सूंऽऽ इतकी होती की कुणी अर्धा मिनिट ऐकलं नसतं. ती काढायला नुसत्या सूंचा तुकडा हवा, आणि लूम तर पहिल्यापासून चालू.

"भाऊ, लूम कुठं थांबलीय का?"

ते विचारात पडले. मग म्हणाले, "शेवटी. लाईट गेली होती."

तो शेवट मी कचरा समजून कापला होता. मूळ फाइलमध्ये तो होता. लूम मंदावत मंदावत थांबली. टेपरेकॉर्डर आणि कीबोर्ड सेलवरचे, म्हणून सूर थोडे पुढे गेले आणि तेही संपले. मग थोडी शांतता. नुसती सूं. मला हवा तो तुकडा! आणि त्यानंतर एक घोगरा आवाज: "झालं का रे तुझं? लाईट गेली."

तेवढ्या शांततेवर मी सगळं गाणं नव्याने साफ केलं. सूं गेली, लूम राहिली. दिवेलागणीच्या आत फाइल पुण्याला पोचली आणि लगेच फोन आला.

"मॅडम, सरांना जाम आवडलं. घेतोय आम्ही. आणि शेवट काय डेअरिंगचा केलाय हो, ठेकाच थांबवून टाकला. त्यामागे विचार काय होता?"

"लाईट गेली होती," भाऊ म्हणाले.

केतकी हसत सुटली. मग म्हणाली, "बरं, शेवटी कुणीतरी बोलतंय. ते काढायचं ना?"

मी हो म्हणणारच होते. भाऊंनी हात वर केला.

"नको. मामा आहेत ते. मामा गेले, त्यांची लूमही भंगारात गेली. दोघांचा आवाज एवढाच राहिलाय."

मामा राहिले. आम्ही जिलेबी खाल्ली. गार झाली होती, तरी मी दोन खाल्ल्या.

तेव्हापासून टेप घेऊन कुणीही आलं की मी आधी विचारते, "लूम ठेवायची की काढायची?" भजनवाले माझ्याकडे वेड्यासारखं बघतात आणि म्हणतात, "कुठली लूम?"