रेड्याचे हात

कत्तलखान्यात त्याला सगळे रेडा म्हणत. म्हशीचं अर्धं धड खांद्यावर घेऊन तो एका दमात आकड्याला अडकवायचा. घरीही हात तसाच चालायचा. बायको होती तोवर तिच्या अंगावरचे वळ कधी जुने झाले नाहीत.

साठीनंतर त्याच्या प्रोस्टेटमध्ये कॅन्सरची गाठ निघाली, इंजेक्शनं सुरू झाली. बघता बघता दंड ओघळले. एके सकाळी धड खांद्यावरून निसटलं आणि शेजारच्याच्या पावलाचा चुरा झाला. मुकादमाने रेड्याला आतडी धुवायला बसवलं.

तो डॉक्टरीणबाईंवर खेकसला, "औषध देता की विष?"

"ऐका तरी. पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन असतं. ते स्नायूच्या पेशीत शिरतं, तिथलं एक प्रथिन त्याला धरतं. मग जोडीने आतल्या केंद्रकात जाऊन हुकूम सोडतात : नवी प्रथिनं बांधा, धागे जाड करा. इंजेक्शनाने तो हुकूम थांबलाय. पण तोच हुकूम तुमच्या गाठीलाही पोसतो."

"म्हणजे तिला उपाशी मारायचं, तर माझंही पोट कापायचं."

"तसंच. थोडं थोडं वजन उचलत राहा. स्नायूवर ताण आला की दुसऱ्या वाटेनेही निरोप जातो."

त्याच आठवड्यात लेक फुटका ओठ घेऊन दारात उभी राहिली. एक डोळा सुजून मिटलेला. रेडा चप्पल न घालताच जावयाच्या गॅरेजात धडकला. सुरा नेला नाही. याला बुक्की पुरे, असा जुना हिशेब.

बुक्की जबड्यावर बसली. जावई हसला. "सासरेबुवा, माशी मारली काय?"

मग त्याने रेड्याला आडवा केला आणि बुटाने बरगड्या तुडवल्या. मागोमाग धावत आलेल्या लेकीने जॅकचा दांडा उचलला. पहिला घाव नवऱ्याच्या मनगटावर, दुसरा गुडघ्यावर. हाड फुटल्याचा आवाज रेड्याच्या ओळखीचा होता. तिसऱ्यांदा दांडा डोक्याचा नेम धरून उठला.

"पोरी, पुरे!" तो रक्त थुंकत ओरडला.

"आईला हाणायचात, तेव्हा कोणी म्हटलं पुरे?"

कारागिरांनी तिला मागे ओढलं म्हणून जावई वाचला.

इस्पितळात रेडा डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "इंजेक्शन बंद करा. जुने हात परत द्या, त्याला संपवतो."

"हात सावकाश येतील. गाठ त्यांच्याआधी येईल."

"मला तुमचे हात नकोत," लेक म्हणाली. "साक्षीला जिवंत राहा."

रेड्याने इंजेक्शनासाठी पोटावरचा सदरा वर केला.

खटला लेक आणि जावई दोघांवरही चालला. जावयाच्या वकिलाने रेड्याला विचारलं, "असा हात चालवायला बाई शिकली कुठे?"

"माझ्या घरात," रेडा म्हणाला. "मी तिच्या आईला मारायचो. ती बघायची."

बापाला वाचवायला दांडा उचलला, हे कोर्टाने मानलं आणि लेक सुटली. त्या दिवशी ती बापाला घरी घेऊन गेली, पण वाटभर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.