एका दिवसात एकतीस वेळा

प्रयोगशाळांना काचसामान पाठवणाऱ्या गोदामात आईची बावीस वर्षं गेली होती. नळ्या कागदात गुंडाळायच्या, पेंढ्यात बसवायच्या आणि खोक्यावर लाल पट्टी चिकटवायची: ‘जपून हाताळा’. एवढ्या वर्षांत तिच्या हातून तीनच नळ्या फुटल्या. त्या तिन्ही तिला अजून आठवत.

तिची मुलगी लांब उडी मारायची. तिच्या लांबलचक पायांमुळे घरात तिला सगळे ‘टोळ’ म्हणत. देशाच्या संघातून खेळताना तिचा गुडघा मोडला, शस्त्रक्रिया झाली, वर्ष गेलं. डॉक्टर म्हणाले, गुडघा ठणठणीत आहे. पण टोळ सुसाट धावत यायची आणि उडी घ्यायची फळी दोन पावलांवर आली की नेमकी आखडायची. प्रशिक्षकांनी रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! शेवटी त्यांनी तिला क्रीडा मानसतज्ज्ञ बाईंकडे धाडलं.

बाईंनी भलताच गृहपाठ दिला. दिवसभरात ‘जपून’ हा शब्द कानावर आला की वहीत एक रेघ मारायची.

रेघा झाल्या एकतीस. त्यातल्या सव्वीस आईच्या. जिना उतरताना, चहा पिताना, एकदा तर नुसती कूस बदलताना.

“म्हणजे माझं तोंडच आडवं आलं म्हणायचं!” आई फणकारली.

“आई, तू मला पेंढ्यात बसवलंयस गं. पट्टी तेवढी राहिलीये.”

बाईंनी आईलाही बोलावून घेतलं. “भिऊ नका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तिलाही नाही सांगितलं. भीती वाटली तरी शेवटची चार पावलं मोजत पळायचं, एवढंच ती शिकतेय. तुम्ही भीती वाटली तरी गप्प राहायला शिका.”

“तिचं सोपं आहे हो,” आई म्हणाली.

तीन आठवडे आईने जिभेला कुलूप घातलं. मग संघनिवडीचा दिवस उजाडला. उड्या तीन. यात जमलं नाही, तर मोसम हातचा गेला. पहिल्या उडीला टोळ आखडली. दुसऱ्या उडीलाही.

तिसरीसाठी ती उभी राहिली. ओठ हलत होते. आईने पर्सचा पट्टा दातांत धरला.

“अगं, खाशील ती पर्स,” बाकावर शेजारी बसलेले बाबा पुटपुटले.

टोळ धावली. एक, दोन, तीन, चार... पाय फळीवर पडला आणि ती उडाली. वाळूत उतरली ती वेडीवाकडी, कुशीवर, आणि तशीच पडून राहिली. आई ताडकन उठली. तिचे हात पुढे झाले आणि हवेतच थांबले. ती खाली बसली.

टोळ आपली आपण उठली. उडी ग्राह्य धरल्याचा पांढरा झेंडा वर गेला. निवडीला हव्या त्या आकड्याच्या चार सेंटिमीटर पुढे.

केसांत वाळू घेऊन ती बाकाशी आली. आईला शेवटी राहवलं नाहीच.

“दुखतंय?”

“थोडंसं,” टोळ हसली आणि आईच्या मांडीवर पाय टाकून मोकळी झाली.

आईने नाडी सोडली, बूट काढून उलटा केला. मूठभर वाळू दोघींच्या पायांवर सांडली.