मळमळ कुठली, भूक कुठली

सलाईन थेंबाथेंबानं उतरते. घाई करून चालत नाही. माणसं बोलत बसतात. मग महिन्याभरात एका खोलीत इतके किस्से साचतात, की डिस्चार्जच्या पिशवीत मावत नाहीत!

खोलीत आम्ही तिघं. गंगापूरचे ऊसवाले बप्पा, गुलमंडीत कापडाचं दुकान असलेले सलीमभाई, आणि चिकलठाण्यात जन्मभर वेल्डिंग केलेला मी. तिघांना आजार एकच, औषधही एकच. त्या औषधानं पोटात ढवळायचं. भुकेनंही ढवळायचं. कुठलं कशाचं, ते कळेना. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, "नाना, वजन आणखी उतरलं तर पुढचा डोस देता येणार नाही."

*

माझी शाळा चौथीपर्यंत. पण स्वतःचं पोट कळतं, असा समज होता. एका सकाळी सिस्टरला म्हणालो, "मळमळतंय. गोळी द्या."

"खाल्लं काय?"

"कालपासून काही नाही."

"मग नाना, उलटी कशाची काढणार?"

तिनं दोन बिस्किटं दिली. मळमळ गेली!

"बिस्किटात औषध असेल," मी म्हणालो. ती हसली नाही. तिचे उपकार आहेत.

*

एका संध्याकाळी बप्पांनी उलटीचं भांडं मागितलं. अर्धा तास मांडीवर धरून बसले. आम्ही तोंडं फिरवली. तेवढ्यात त्यांचा भाचा गरम भजी घेऊन आला.

बप्पांनी तेच भांडं पुढं केलं. "टाक यातच. कोरं हाय!"

*

खरी पारख सलीमभाईंची. म्हणाले, "नाना, ज्या डब्यापासून तोंड फिरतं ती मळमळ. ज्या डब्याकडं मान वळते ती भूक."

दुपारी बाहेरून डबे यायचे. बायकांना आत यायची मुभा फक्त संध्याकाळी. माझं झाकण उघडलं की मला उमळून यायचं, आणि सलीमभाईंची मान वळायची. त्यांच्या डब्यातल्या डाळीकडं माझी.

"डबे बदलू," ते म्हणाले.

तोंडाला सगळं लोखंडासारखं लागायचं. चव कसली? पण डाळ पोटात राहिली. मी डबा पुसून खाल्ला! मग ही अदलाबदल रोजचीच झाली.

संध्याकाळी बायको विचारायची, "डबा संपला का?"

"संपला." खोटं नव्हतं. सलीमभाईंनी संपवला होता.

*

तीन आठवड्यांनी वजन केलं. दीड किलो वाढलं! डॉक्टरांनी पुढचा डोस मंजूर केला. सलीमभाईंनी कॉलर ताठ केली. "हमारे घर की दाल है, नाना!"

*

मी कुणाचं सहसा कौतुक करत नाही. चाळीस वर्षांत बायकोच्या स्वयंपाकाला चांगलं म्हटलं नाही. नावं ठेवली नाहीत, म्हणजे चांगलंच, हे तिनं समजून घ्यावं. पण घरी जायच्या दिवशी सलीमभाईंची बायको दारात भेटली. उपकार ठेवून जाणं मला जमत नाही. मी हात जोडले.

"भाभी, तुमच्या डाळीनं मला उभं केलं."

भाभी गोंधळल्या. माझ्या बायकोकडं बघायला लागल्या.

"भाईसाब, माझी डाळ तुम्ही एकच दिवस खाल्ली. सिस्टरनं आम्हाला सांगितलं, डबे बदलतात म्हणून. त्या दिवसापासून बाहेरच्या बाकावर माझ्या डब्यात ताईच भरतात. त्यांच्या डब्यात मी."

मी बायकोकडं बघितलं. ती पिशवीची गाठ बांधत होती. मान वर न करता म्हणाली,

"मीठ बरं पडलं होतं का?"