भुईचाफ्याच्या पानावरचा चुना

शेजाऱ्याच्या कारभारात नाक खुपसायची माझी खोड कसबा पेठेत कुणाला नवी नाही. पण तिच्यापायी यंदा जी फजिती झाली, ती मीच सांगून टाकतो. दुसऱ्याकडून ऐकलीत तर वाढवून ऐकाल.

शेजारच्या विनायकरावांनी कोकणातून भुईचाफ्याचा एक कांदा आणला. आपल्या ओट्याशेजारी, वळचणीखालच्या सावलीत लावला. पावसाळ्यात चार पानं आली. आठ दिवस सासवडला लेकीकडे निघाले तेव्हा मला म्हणाले, "आबाजी, वळचणीखाली पाऊस पोचत नाही. तेवढं पाणी घाला. लेकीला यातला वाटा कबूल केलाय, जगला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी वाकून पाहतो, तर प्रत्येक पानावर मधोमध पांढुरका पट्टा. बरोबर बोटाएवढा. आता तुम्हीच सांगा, विडा खाणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार? विडा लावल्यावर बोटाला उरलेला चुना लोक पुसतात कुठे? हाताशी येईल तिथे.

त्या ओट्यावर माझ्याखेरीज रोज बसणारे एकटे बाळंभट.

"भटजी, चुना पुसायला दुसऱ्याचं झाडच सापडलं का?"

"मी धोतराला पुसतो. हे बघा डाग."

"मग चारही पानांवर कुणी पुसला?"

"अहो, चार पानं रंगवायला मी काय गवंडी आहे?" असं म्हणून बाळंभट उठले, ते पुन्हा आलेच नाहीत.

मग मी रिठ्याचं पाणी केलं, नारळाची शेंडी घेतली आणि पान घासायला बसलो. पट्टा जाईना. जोर लावला. पट्टा राहिला, पान गेलं. तरी उरलेली तीनही घासली. कामात मी चिकट आहे.

विनायकराव परतले. चिंध्या पाहिल्या, माझं सगळं ऐकून घेतलं.

"आबाजी, हे पान येतंच तसं. जन्माचा पट्टा आहे तो."

त्यांनी माती उकरून कांदा चाचपला. "शाबूत आहे. फुटेल."

"बाळंभटांची माफी मागतो," मी म्हणालो.

"मागा. आणि ती शेंडी टाकू नका." त्यांनी ओट्याचा खांब दाखवला. मी रोज टेकून बसतो तो. माझ्या उजव्या हाताशी, वरपासून खालपर्यंत, चुन्याची बोटंच बोटं. कित्येक वर्षांची.

पंधरवड्यात नवं पान आलं, पट्ट्यासकट. खांब अजून निम्मासुद्धा घासून झालेला नाही. बाळंभट मात्र पुन्हा रोज ओट्यावर येऊन बसतात, कुठे राहिलंय ते दाखवायला.