दसऱ्याला पुजलेली गन

नाव: धुमाळ जगदेवराव खंडेराव. वय: एकोणसाठ वर्षे सात महिने. हुद्दा: पटावाळा (शिपाई), मराठी माध्यमाची नगर प्राथमिक शाळा, गोरवा विभाग, बडोदे. शिक्षण: नववी नापास. महामारीविषयक प्रशिक्षण: वीस मिनिटे, मोबाईलवर; पैकी पहिली अकरा मिनिटे आवाज नव्हता. ताब्यातील उपकरण: कपाळावरून ताप मोजण्याची गन, नग एक. कर्तव्य: प्रवेशद्वारी प्रत्येक विद्यार्थ्याचे तापमान घेणे, ते नोंदणे, शंभर अंशांवरील विद्यार्थ्यास घरी परत पाठवणे. विद्यार्थ्यास स्पर्श: सक्त मनाई. सेवापुस्तकातील प्रतिकूल शेरे: निरंक.

हा शेवटचा शब्द जगदेवरावांना फार प्रिय होता. मार्चमध्ये निवृत्त व्हायचं आणि तोवर ते पान तसंच कोरं ठेवायचं, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा. मोठी नव्हती; पण अडतीस वर्षं सांभाळली होती.

त्यांचे पणजोबा गायकवाडी फौजेत होते, आजोबा राजवाड्याच्या फाटकावर, वडील एका मिलच्या फाटकावर आणि ते स्वतः शाळेच्या. तीन पिढ्यांत फाटक सुटलं नाही, बंदूक तेवढी सुटली. घरात एक तलवार उरली होती, तीही थोरल्या काकांच्या वाटणीला गेली. तेव्हापासून दसऱ्याला शालिनीबाई पाटावर विळी, पाना-पकड आणि शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा मांडत, आणि जगदेवराव त्या शस्त्रांना गंभीर चेहऱ्याने हळदकुंकू वाहत.

मग कोरोनाची दुसरी लाट ओसरली, सप्टेंबरात सहावी ते आठवीचे वर्ग उघडले आणि वरून एक खोका आला. खोक्यात गन होती. मुख्याध्यापिका निरुपमाबेननी ती डेडस्टॉक रजिस्टरात जगदेवरावांच्या नावावर चढवली आणि हातात दिली. गन पांढऱ्या प्लास्टिकची होती, दोन सेल लागत, चाप ओढला की ‘टिक’ असा आवाज होई. जगदेवरावांनी ती एकदा तळहातावर तोलून पाहिली आणि पाठ ताठ केली. संस्थान विलीन झाल्यापासून बहात्तर वर्षांनी घराण्यात बंदूक आली होती.

खोक्याबरोबर शाळेसाठी आणि पालकांसाठी अठरा सूचनांचं पत्रकही आलं. मूळ गुजरातीत. निरुपमाबेननी एका संध्याकाळी त्याचं मराठी केलं. घाईत ‘अलग रूम’ तसंच राहिलं. ‘घरातील वृद्धांना व आजारी विद्यार्थ्यास अलग रूममध्ये ठेवावे.’ पालकसभा मैदानात झाली, सहा-सहा फुटांवर खुर्च्या मांडून, त्यामुळे प्रत्येकाला ओरडून बोलावं लागलं.

“बेन, ही अलग रूम शिक्षण समिती देणार की आपली आपण बघायची?” मागून एका बाईने विचारलं. ती सुनंदा. जळगावकडची, गोरव्यातल्या एका कारखान्यात पॅकिंगला. नवरा सावली गावच्या एका प्लांटमध्ये कंत्राटावर, रविवारी येई. मुलगी भक्ती सहावीत. घर म्हणजे एक खोली. त्यात कुणाला अलग करायचं तर भिंतींनाच बाहेर काढावं लागलं असतं.

“आता तुम्ही पण सुनंदाबेन,” निरुपमाबेन म्हणाल्या, “वरून आलंय ते मी वाचते आहे.”

“वाचा वाचा. ऐकायला सरस वाटतंय.”

सगळे हसले. सही मात्र सगळ्यांनी केली; संमतीपत्रावर सही केल्याशिवाय मूल आत घेत नव्हते.

दुसऱ्याच आठवड्यात भक्ती उशीर झाला म्हणून भर उन्हातून पळत आली. गन म्हणाली, शंभर पूर्णांक आठ. जगदेवरावांनी नोंद केली आणि तिला परत पाठवलं. नियम होता. संध्याकाळी साडेसहाला सुनंदा कारखान्यातून घरी पोचली तेव्हा मुलगी कुलूपबंद दाराच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसलेली होती. ताप नव्हता. भूक होती.

दुसऱ्या दिवशी सुनंदा फाटकावर आली. जगदेवरावांनी सवयीने गन उचलली.

“माझ्यावर नका रोखू ती, काका. काल दिवसभर पोर उंबऱ्यात बसली. त्या गल्लीत कोण येतं-जातं, तुमच्या गनला कळतं का?”

जगदेवरावांनी गन खाली केली. याचं उत्तर पत्रकात नव्हतं.

“परत पाठवायची तर पाठवा,” सुनंदाचा आवाज खाली आला. “पण एकटीला नाही. मला बोलवा. मी येईन. सुपरवायझरच्या पाया पडेन, पण येईन.”

“बोलावीन,” जगदेवराव म्हणाले. “शब्द दिला.”

त्या दिवशी दुपारी त्यांनी स्टाफरूममधलं एक जुनं बाकडं ओढत आणून फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली ठेवलं. उन्हातून तापून आलेल्या पोराला तिथे दहा मिनिटं बसवायचं, पाणी पाजायचं, मग पुन्हा मोजायचं. दुसऱ्यांदा मोजू नये असं कुठल्याच सूचनेत लिहिलेलं नव्हतं. जगदेवरावांनी अठराही सूचना त्यासाठी दोनदा वाचून काढल्या. सप्टेंबर संपेपर्यंत त्या बाकड्यावर एकवीस मुलं निवली आणि एकही परत गेलं नाही.

मग दसरा आला, शुक्रवारी. गुरुवारी शाळा सुटल्यावर गन कपाटात ठेवायची होती. पण कपाटाची कडी सैल, आणि गन त्यांच्या नावावर. जगदेवरावांनी ती रुमालात गुंडाळून घरी नेली. सकाळी शालिनीबाईंनी पाट मांडला. विळी, पाना-पकड, किल्ल्या.

“अहो, आणि ती?” त्यांनी रुमालाकडे बोट दाखवलं. “यंदा खरंखुरं शस्त्र आहे घरात आणि ते काय फडताळात ठेवणार?”

जगदेवरावांना हे मनातून केव्हाचंच पटलेलं होतं. कुणीतरी म्हणायची वाट होती. गन पाटाच्या मध्यभागी आली. झेंडूचं फूल मुठीशी खोचलं. कुंकू कुठे लावायचं यावर थोडी चर्चा झाली. लावायचं कपाळाला, आणि गनचं कपाळ म्हणजे तिची पुढची बाजू. तिथे एक काळसर गोल काच होती, बरोब्बर टिळ्याएवढी. जगदेवरावांनी करंगळीशेजारच्या बोटाने ओलं कुंकू तिथे नीट दाबून लावलं, वर अक्षता. मग आपट्याची पानं वाहून नमस्कार केला. शालिनीबाईंनी फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. तेरा जणांनी हात जोडले.

शनिवारी सकाळची शाळा. अक्षता आणि फूल काढून जगदेवराव फाटकावर उभे राहिले. पहिलं मूल: चौऱ्याण्णव पूर्णांक एक. दुसरं: त्र्याण्णव पूर्णांक आठ. तिसरं: चौऱ्याण्णव. जगदेवराव खूश होते. सण लाभलेला दिसत होता.

आठवीतली आकांक्षा आकडा बघून थांबली. “काका, चौऱ्याण्णवला माणूस जिवंत असतो?”

“तू आहेस ना? मग असतो. चल पुढे.”

“नाही, मला आकडा खालीच वाटतोय जरा.”

“तोंडावरचा मास्क वर घे, म्हणजे बोलणंही खाली येईल.”

सदतीस मुलं आत गेली. रजिस्टर भरलं. निरुपमाबेननी खाली सही केली आणि आत घेतलेल्या मुलांचे तेवढे आकडे मोबाईलवरून वर पाठवून दिले. आठच्या आत पाठवायचे असत. तेवढ्यात भक्ती आली. चालत आली.

जगदेवरावांच्या नजरेत भरलं ते एवढंच. ही मुलगी कधी चालत येत नसे. टिक. चौऱ्याण्णव पूर्णांक दोन.

“जाऊ का, काका?”

“पळत नाही आलीस?”

“आज नाही आली मी पळत.” ती फाटकाला धरून उभी होती. “गनमध्ये बरोबर आलंय ना? मग चालशे. आज गणिताची टेस्ट आहे.”

आकडा बरोबर होता. आत सोडलं असतं तर कुणी एक शब्द बोललं नसतं. जगदेवरावांनी गन डाव्या हातात घेतली, आणि उजव्या हाताची उलटी बोटं मुलीच्या गालाला लावली. सूचना क्रमांक नऊ: स्पर्शास सक्त मनाई. शाळा उघडल्यापासून त्यांनी एकाही मुलाला हात लावला नव्हता. चहाच्या पेल्याचा बाहेरून लागतो तसा चटका लागला.

त्यांनी गन उलटी करून पाहिली. काचेवर कुंकू वाळून बसलं होतं.

सॅनिटायझरचा बोळा करून त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा चाप ओढला. एकशेतीन. मग भक्तीला बाकड्यावर बसवून ते निरुपमाबेनकडे गेले आणि सगळं सांगितलं, पाटापासून.

निरुपमाबेननी चष्मा काढला. “जगदेवराव, रिपोर्ट वर गेला. आता मी काय लिहू? उपकरणाची पूजा झाल्यामुळे?”

“तसंच लिहा. खुलासा मी देतो.”

“तुमचे पाच महिने राहिलेत. पान कोरं आहे तुमचं.”

“हो,” जगदेवराव म्हणाले. त्यांनाही तेच आठवत होतं. “सगळ्या वर्गांत जाऊन पोरांना पुन्हा मोजून घ्या. मी सुनंदाबाईंना घेऊन येतो. पोरीपाशी कुणीतरी बसा. लांब बसा, पण बसा.”

सुनंदाचा फोन लागला नाही. शिफ्टमध्ये फोन जमा करून घेत. सायकलवर दहा मिनिटांचा रस्ता होता. कारखान्याच्या फाटकावर खाकी कपड्यांत, मिशा मास्कच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला एक रखवालदार उभा होता. त्याच्या हातातही गन होती.

“केम, कुणाला भेटायचंय?” म्हणत त्याने ती जगदेवरावांच्या कपाळाला लावली. “चौऱ्याण्णव. बोला.”

जगदेवरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “आडनाव?”

“शिर्के. धनाजीराव शिर्के.”

“मग ती उलटी करून बघा, धनाजीराव.”

धनाजीरावांनी गन उलटी केली. काच लालपिवळी झाली होती.

“हळद पण लावलीत?” जगदेवरावांनी विचारलं.

“बायको म्हणाली, नुसतं कुंकू बरं दिसत नाही.” धनाजीरावांनी मागे वळून शेडकडे पाहिलं. “सकाळपासून एकशेचाळीस माणसं आत सोडलीत मी.”

“माझी सदतीस. पुसा आणि पुन्हा मोजा. पण आधी पॅकिंगच्या सुनंदाबाईंना बाहेर बोलवा. पोरीला ताप आहे.”

“शिफ्टमध्ये सोडत नाहीत हो. सुपरवायझर—”

“सुपरवायझरला सांगा, फाटकावर सगळ्यांना पुन्हा मोजायचंय. तिच्यापासून सुरुवात करा.”

धनाजीरावांना ही युक्ती पटली. पाच मिनिटांत सुनंदा बाहेर आली, डोक्यावरची जाळीची टोपी तशीच. जगदेवरावांना बघताच तिचे पाय थांबले.

“भक्ती?”

“बाकड्यावर आहे. एकटी नाही. एकशेतीन आहे.”

सुनंदाने भिंतीला हात टेकला. “पहाटे अंग गरम होतं तिचं. गोळी दिली आणि पाठवली. खोटं कशाला बोलू, काका. घरी कुणापाशी ठेवू? म्हटलं, खरा ताप असला तर तुमची गन धरेल आणि तुम्ही बोलवाल.”

“गनने नाही धरला,” जगदेवराव म्हणाले. “तिला मी कुंकू लावलं होतं.”

“मग?”

जगदेवरावांनी उजवा हात किंचित वर केला आणि पुन्हा सायकलच्या मुठीवर ठेवला. सुनंदाने त्या हाताकडे पाहिलं. पदराने डोळे पुसायला गेली, आणि सूचना आठवून मनगटाने पुसले.

“मागे बसते,” ती म्हणाली.

“सहा फूट—”

“काका, चला हो.”

दुपारी दवाखान्यात भक्तीची तपासणी झाली. कोरोना नव्हता. मलेरिया होता, तोही बऱ्यापैकी वाढलेला. आणखी दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. डासांबद्दल अठरा सूचनांत काही नव्हतं. सदतीस मुलांची फेरमोजणी झाली, सगळी ठीक निघाली. सुनंदाचा अर्ध्या दिवसाचा खाडा पडला, आणि पुढचा आठवडाभर ती कामावर गेली की शालिनीबाई भक्तीपाशी जाऊन बसू लागल्या. सकाळी पेज घेऊन जगदेवराव जात, फाटक उघडण्याआधी.

खुलासा त्यांनी सोमवारीच लिहिला. दीड पान. पूजा, कुंकू, सूचना क्रमांक नऊचा भंग, सगळं क्रमाने. तीन आठवड्यांनी तो परत आला. सोबत चिठ्ठी होती: सदर दिवसाचा अहवाल वेळेत प्राप्त असून सर्व नोंदी सामान्य आहेत, नोंदींशी विसंगत खुलासा स्वीकारता येत नाही. जगदेवरावांनी तो पुन्हा पाठवला. पुन्हा परत आला.

मार्चअखेर निरोपसमारंभात निरुपमाबेननी वरून आलेलं प्रशस्तिपत्र वाचून दाखवलं. श्री. धुमाळ यांच्या देखरेखीखाली संपूर्ण महामारीच्या काळात शाळेच्या प्रवेशद्वारी तापाचा एकही विद्यार्थी आढळला नाही. विद्यार्थ्यास स्पर्श केल्याची एकही घटना नाही. सेवापुस्तकातील प्रतिकूल शेरे: निरंक.

पहिल्या रांगेत भक्ती बसली होती. त्या शनिवारी तिला एकशेतीन ताप होता.