वकीलबाई आल्या त्या दिवशी

माझी पहिली नोकरी नाशिकमधल्या सातपूरच्या एका छोट्या कारखान्यात होती. तिथे प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे बनायचे. मालकांनी अर्धं आयुष्य दुसऱ्याच्या कंपनीत लेथ मशीनवर काढलेलं. आम्ही त्यांना काका म्हणायचो. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणारी मी एकटीच.

पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या मैत्रिणीकडून डिझाइनचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आणलं आणि बसवलं. क्रॅक केलेलं, म्हणजे लायसन्सशिवाय चालणारं. कॉलेजात सगळ्यांकडे तसंच असायचं, त्यामुळे ही चोरी आहे असं माझ्या मनातही आलं नाही. काकांनी एवढंच विचारलं, "नीट चालतंय ना?"

"पळतंय, काका."

तीन वर्षांनी सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आलं. अशी प्रत असलेला कॉम्प्युटर इंटरनेटला जोडला की त्यांना पत्ता लागतो, हे मला तेव्हा कळलं. पाठोपाठ त्यांच्या वकीलबाई आल्या. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "हे बसवलं कुणी?"

मी तोंड उघडणार तोच काका म्हणाले, "मी बाहेरच्या माणसाकडून बसवून घेतलं, मॅडम. या मुलीचा काही संबंध नाही."

काकांना माउस धड धरता येत नव्हता. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि लिहून घेतलं.

त्या गेल्यावर मी रडायलाच लागले. "तुम्ही खोटं का बोललात?"

"त्या कागदावर तुझं नाव आलं असतं तर उद्या तुला कोण कामावर घेणार? मला आता कुणाच्या दारात नोकरी मागायला जायचंय?" मग जरा चिडून म्हणाले, "आणि कुठून आणलंस, हे मीही विचारायला हवं होतं. फुकट मिळतंय म्हटल्यावर गप्प बसलो."

भरपाई देऊन, लायसन्स घेऊन प्रकरण मिटलं. पण आमच्या मोठ्या ग्राहकाच्या कानावर ते गेलं आणि त्यांनी काम काढून घेतलं. मशीनवरच्या दोघांना दुसरीकडे जावं लागलं. त्यातले एक, सिन्नरहून येणारे दादा, जाताना मला म्हणाले, "ताई, तुमची नोकरी राहिली ना? बरं झालं." त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

आठवडाभर ते वाक्य डोक्यातून जाईना. शेवटी त्यांना फोन करून खरं सांगितलं. मशीनच्या आवाजात त्यांनी विचारलं,

"काकांना माहितीये?"

"हो. त्यांनीच माझ्यासाठी स्वतःवर घेतलं."

"मग मी काय बोलू, ताई," ते म्हणाले. "राग तर आलाय. जाईल हळूहळू. इथं यायला लांब पडतं, एवढंच."

दिवाळीला त्यांनी स्वतःहून फोन केला. त्या विषयावर आम्ही दोघंही बोललो नाही. मुलगी दहावीला आहे, तिला गणित जड जातंय, म्हणाले. मी दर रविवारी तिचं गणित घ्यायला सिन्नरला जाऊ लागले.